कवळीमागचे हात

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



यंदा आपल्या कार्यकारिणीने असे ठरवले की, वर्धापनदिनाला बाहेरून व्याख्याते बोलवावयाचे नाहीत. मंडळातल्याच चौघींनी आपापल्या माहितीतल्या विषयावर बोलावयाचे. मला विचारले तेव्हा मी म्हटले, "माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पापड-लोणच्याखेरीज मला कसली माहिती असणार?" त्यावर चिटणीसबाई म्हणाल्या, "अहो, तुमच्या घरी बावीस वर्षे जे चालले आहे तेच सांगा की!" म्हणून मी आज कवळ्यांविषयी बोलणार आहे. विषय ऐकून पाठीमागच्या रांगेत हसू आले ते मला दिसले. हसा खुशाल. पण हसणाऱ्यांच्याही घरी आज ना उद्या कवळी यावयाचीच आहे.

आमचे हे एका दंत महाविद्यालयाच्या रुग्णालयात डेंटल टेक्निशियन आहेत. आळीतले पुष्कळ लोक यांना दातांचे डॉक्टरच समजतात. रात्री-अपरात्री कोणाची दाढ ठणकली की आमची कडी वाजते. हे नम्रपणे सांगतात, "मी डॉक्टर नव्हे. सकाळी रुग्णालयात जा." लोकांना वाटते, हे आढेवेढे घेत आहेत. पण तसे नाही. डॉक्टर तोंड तपासतात, दात काढतात, तोंडाचे माप घेतात. त्या मापावरून दात, कवळी, तारा, टोपी जे काही लागेल ते बनवणारा माणूस निराळा. १९४८ साली आपल्या देशात दंतवैद्यकाचा कायदा झाला. त्यात ह्या माणसाला डेंटल मेकॅनिक म्हटले आहे, म्हणजे कवळ्या आणि दातांची इतर साधने तयार करणारा व दुरुस्त करणारा. पुढे मेकॅनिकचे टेक्निशियन झाले. नाव बदलले, काम तेच राहिले.

आपल्याकडे दातांचे शिक्षण देणारे पहिले महाविद्यालय डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी १९२० साली कलकत्त्यात काढले. मुंबईत नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय १९३३ साली निघाले. अशा रुग्णालयांत मुले डॉक्टरकी शिकतात आणि गोरगरिबांचे काम थोडक्या पैशांत होते. बाहेर जी कवळी परवडत नाही ती तिथे परवडते. म्हणून तिथे गर्दी असते, आणि गर्दी असते म्हणून मागच्या लॅबमध्येही कामाचा ढीग असतो.

ती लॅब मी प्रथम पाहिली सासूबाईंच्या निमित्ताने. इमारतीच्या मागच्या बाजूला एक लांबट खोली. आत शिरताच मेणाचा, स्पिरिटच्या दिव्याचा आणि एका उग्र औषधाचा असा मिश्र वास येतो. फरशी, टेबले, माणसांचे बूट, सर्वांवर पिठासारखी पांढरी पूड. एखाद्या गिरणीत आल्यासारखे वाटले. भिंतीशी फळ्यांवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडून ठेवलेले; प्रत्येकाला चिठ्ठी आणि नंबर. सासूबाई दारातच थबकल्या आणि म्हणाल्या, "अगं बाई, एवढी माणसे गेली कुठे?"

माणसे बाहेर बाकांवर बसलेली असतात. आत येतो तो फक्त नंबर. हे कित्येक वर्षे त्या नंबरांशीच बोलत आले आहेत. पेशंटचा चेहरा यांना सहसा दिसत नाही.

आता ही कवळी होते कशी ते सांगते. भगिनींनो, घाबरू नका, हे सारे स्वयंपाकघरातलेच आहे.

पहिली गोष्ट मापाची. डॉक्टर तोंडात मऊ पदार्थाचा साचा दाबून हिरड्यांचे माप घेतात. ते लॅबमध्ये आले की त्यात प्लास्टर ओततात. हे जिप्सम नावाचा दगड भाजून केलेले पीठ. त्यात पाणी घालावयाचे ते मोजून. साध्या प्लास्टरला १०० ग्रॅमला सुमारे ५० मिलिलिटर, आणि कणखर पिवळ्या प्लास्टरला सुमारे ३०. पाणी जास्त झाले तर साचा ठिसूळ होतो, कमी झाले तर नीट वाहत नाही. आपण कणीक अंदाजाने भिजवतो, पण तिथे अंदाज चालत नाही. रबरी वाडग्यात कालवून ते हलवत, ठोकत ओततात, म्हणजे आतली हवा निघून जाते. साच्यावर मोहरीएवढा बुडबुडा राहिला तर तिथे खळगा पडतो, त्या खळग्यात कवळीचा टोकदार दाणा तयार होतो आणि तो दाणा पेशंटच्या हिरडीला टोचतो. म्हणजे बुडबुडा लॅबमध्ये आणि कळ म्हातारीला!

ह्या पहिल्या साच्यावर प्रत्येकाच्या मापाचा निराळा साचा करून डॉक्टर पुन्हा बारकाईने माप घेतात. मग मेणाच्या पट्ट्या लावून वरचा आणि खालचा जबडा किती उघडतो, ओठ किती भरलेला दिसतो ते पाहतात. तेव्हा पेशंटला "म म म" म्हणावयास लावतात; त्यावरून जबडे सैल असताना त्यांच्यात किती अंतर राहते ते कळते. त्यावरून ठरवलेले दोन्ही जबड्यांचे नाते लॅबमध्ये एका यंत्रावर कायम करतात. यंत्राचे नाव आर्टिक्युलेटर. बिजागरी लावलेल्या डब्यासारखे ते उघडते आणि मिटते. पेशंट घरी गेला तरी त्याचा जबडा यांच्या टेबलावर उघडझाप करीत असतो.

मग दात लावावयाचे. वर चौदा, खाली चौदा, एकूण अठ्ठावीस. अक्कलदाढा देत नाहीत. त्या वयापर्यंत अक्कल आलेली असते असे धरून चालतात, असे हे थट्टेने म्हणतात. खरे कारण असे की, मागे तेवढी जागा नसते. प्रत्येक दात मेणात बसवताना त्याचा कल, उंची, समोरच्या दाताशी गाठ हे सारे पाहावयाचे. समोरचे वरचे दात असे हवेत की "फ" आणि "व" म्हणताना त्यांची कड खालच्या ओठाला अलगद लागावी. दात फार बाहेर बसले की बोलणे बदलते आणि फार आत बसले की चेहरा बसतो. एक-एक जोडी लावताना हे मेणाची सुरी दिव्यावर तापवतात, लावतात, मान तिरकी करून पाहतात आणि पुन्हा काढतात. मी पाहत होते त्या अर्ध्या तासात यांनी एकच सुळा चार वेळा बदलला.

मेणाची कवळी तोंडात घालून पाहिल्यावर तिला पितळी डबीत प्लास्टरमध्ये पुरतात. डबी गरम पाण्यात ठेवली की मेण वितळून जाते. दात प्लास्टरमध्ये अडकून राहतात आणि मेणाच्या जागी पोकळी होते. त्या पोकळीत गुलाबी द्रव्य भरतात. पूर्वी ह्या कामाला कडक केलेले रबर वापरीत. अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांचे दात लाकडाचे होते अशी एक गोष्ट सर्वत्र सांगतात. पण ती खरी नाही. त्यांच्या कवळ्या हस्तिदंतासारखी जनावरांची हाडेदाते, माणसांचे दात आणि धातू यांच्या होत्या. १९३७ च्या सुमारास अ‍ॅक्रिलिक आले आणि हिरडीच्या रंगाची, हलकी, दुरुस्त करता येणारी कवळी सर्वांच्या आवाक्यात आली.

अ‍ॅक्रिलिकची पूड तीन भाग आणि पातळ औषध एक भाग. कालवल्यावर आधी ओल्या वाळूसारखे दिसते. मग तार सुटते, अगदी पाकाची सुटते तशी. मग भांड्याला न चिकटणारा गोळा होतो. तोच क्षण भरण्याचा. थोडे थांबलात तर ते रबरासारखे होते आणि मग फुकट जाते. ज्या बाईला पाकाची तार ओळखता येते तिला हे काम समजावयास वेळ लागणार नाही, असे मला तेव्हा वाटले.

डबी दाबून बंद केली की ती पाण्यात शिजवावयाची. सुमारे ७४ अंशांवर आठेक तास, किंवा घाईच असेल तर ७४ अंशांवर दीड तास आणि मग उकळत्या पाण्यात एक तास. एकदम उकळी आणली तर आतले औषधच उकळते आणि कवळीत बारीक भोके पडतात. ढोकळ्याला जाळी पडली तर आपण खूश होतो. कवळीला जाळी पडली तर ती कच्ची राहते, तिच्यात घाण साठते आणि ती लवकर मोडते. शिजल्यावरही डबी आपोआप निवू द्यावयाची. मग प्लास्टर फोडून कवळी काढावयाची, घासावयाची, ओल्या पुडीने चकाकी आणावयाची आणि पाण्यात ठेवावयाची.

एवढे सविस्तर अशासाठी सांगितले की, कवळीसाठी पाच-सहा खेपा का घालाव्या लागतात हे आपल्या ध्यानात यावे. पुष्कळजण तिसऱ्या खेपेलाच कंटाळतात. "नुसते दात द्यायचे तर एवढे हेलपाटे कशाला?" असे म्हणतात. आमच्या सासूबाईही म्हणाल्या होत्या. मुलगा तिथेच कामाला, तेव्हा दोन दिवसांत कवळी हाती पडेल अशी त्यांची समजूत. पण यांनी आईचा कागद रांगेतच ठेवला. "आईची कवळी घाईत करू का?" असे उलट विचारले.

सासूबाईंचे सर्व दात गेल्यावर घरात काय झाले ते सांगण्यासारखे आहे. त्या पंगतीला जाईनाशा झाल्या. सगळ्यांची जेवणे झाली की स्वयंपाकघरात दुधात भाकरी कुस्करून एकट्या खात. हसताना पदर तोंडाशी. दारात कोणी आले तर मला पुढे करीत. आम्हाला वाटे, वयामुळे माणूस अबोल झाला. वयाचा काही संबंध नव्हता. दात नसताना शब्द नीट उमटत नव्हते, आणि समोरचा "काय? काय?" करील ह्या धास्तीने त्या गप्प राहत होत्या.

डॉक्टरीणबाईंनी त्यांचा जुना फोटो मागवला. सासूबाईंचा चाळिशीतला एक फोटो मिळाला. त्यात समोरचा एक दात जरासा वळलेला दिसत होता. बाईंनी विचारले, "आजी, हा सरळ करायचा का?" सासूबाई म्हणाल्या, "नको, माझा होता तसाच असू दे." यांनी तो दात तसाच थोडा वळवून बसवला.

कवळी मिळाल्यावर पहिले आठ-दहा दिवस कठीण गेले. लाळ सुटे, बोलताना कवळी हले, खालची तर फारच. वरची कवळी टाळूला ओलाव्याने धरून बसते, दोन ओल्या काचा एकमेकींना चिकटतात तशी. खालची जिभेच्या धक्क्यात असते, म्हणून तिची सवय व्हावयास वेळ लागतो. हिरडीला एका जागी टोचत होते ते दोन वेळा जाऊन घासून आणले. मऊ भात, मग पोळी, मग भाकरी असे करत गेल्या. रोज मोठ्याने पोथी वाचण्याने उच्चार सुधारले. दोन महिन्यांनी एका लग्नात त्या पंगतीत बसल्या. शेजारी बसलेली एक पाहुणी म्हणाली, "आजी, ह्या वयात तुमचे स्वतःचे दात आहेत, भाग्यवान आहात!"

घरी येऊन मी हे यांना सांगितले. मला वाटले, यांना वाईट वाटेल. एवढी मेहनत केली आणि कोणाला कळलेही नाही. पण हे इतके खूश झाले, की त्या रात्री दोन वेळा तीच हकिगत विचारली. तेव्हा मला समजले की, ह्या कामात शाबासकी हीच. कवळी ओळखू आली तर काम साधारण, आणि ओळखू आली नाही तर काम उत्तम.

आता रुग्णालयातल्या दुसऱ्या दोन गोष्टी सांगते, कारण त्या आपल्या बायकांच्या आहेत.

काही बाळे टाळू फाटलेली अशी जन्माला येतात. अशा बाळाला दूध ओढता येत नाही. पाजलेले नाकातून बाहेर येते आणि बाळ गुदमरते. शस्त्रक्रिया होते, पण त्यासाठी बाळ थोडे मोठे आणि वजनदार व्हावे लागते. तोवर त्याचे पोट भरले पाहिजे. तेव्हा डॉक्टर त्या एवढ्याशा तोंडाचे माप घेतात आणि लॅबमध्ये त्यावरून एक छोटी टाळू बनवतात. ती बसवली की वाट बंद होते आणि दूध पोटात जाते. तो साचा आपल्या अंगठ्याच्या पेराहून फारसा मोठा नसतो. असे काम आले की हे घड्याळ पाहत नाहीत. मी एकदा उशिराबद्दल कुरकुर केली तेव्हा एवढेच म्हणाले, "बाळ बाहेर उपाशी होते."

अशा बाळाच्या आईला घरचे काय ऐकवतात ते आपल्याला ठाऊक आहे. "ग्रहणात विळीला हात लावलास, म्हणून असे झाले." भगिनींनो, ग्रहणाचा आणि टाळूचा काडीमात्र संबंध नाही. टाळू जुळते ती गर्भाच्या पहिल्या तीन महिन्यांत. कधी आनुवंशिकतेने, कधी इतर कारणांनी ती जुळावयाची राहते. त्या बाईला आधीच दुःख थोडे नसते. निदान आपल्या मंडळातल्या बाईच्या तोंडून तरी तिला असा बोल लागू नये.

दुसरी गोष्ट मशेरीची. तंबाखूने टाळूचा वा वरच्या जबड्याचा कर्करोग झाला की शस्त्रक्रियेत तो भाग काढावा लागतो. मग तोंड आणि नाक यांच्यामध्ये भोक राहते. पाणी प्यायले तर नाकातून येते, आणि बोललेले नाकात घुमून कोणाला समजत नाही. अशा माणसासाठी लॅबमध्ये कवळीलाच वर एक गोळा जोडतात, जो ते भोक बुजवतो. तो जड होऊ नये म्हणून आतून पोकळ करतात, आणि ते फार कसबाचे काम आहे. पदराने अर्धे तोंड झाकून आलेली एक बाई यांनी पाहिली होती. कवळी नीट बसते की नाही हे पाहण्यासाठी डॉक्टरांनी यांना बाहेर बोलावले होते, म्हणून दिसली. कवळी बसल्यावर ती पेलाभर पाणी प्यायली. एक थेंबही नाकातून आला नाही. मग ती निघाली आणि फाटकाशी पहारेकऱ्याला तिने बस कुठून सुटते ते विचारले. पहारेकऱ्याने लगेच बोट दाखवले. त्याने "काय म्हणालात?" असे विचारले नाही. ती तिथेच उभी राहून रडली. यांनी घरी येऊन हे सांगितले तेव्हा यांचाही गळा भरून आला होता.

म्हणून सांगते, मशेरीने दात मजबूत होत नाहीत. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. ती सोडा. सुपारीही निरुपद्रवी नव्हे. सुपारी-गुटख्याने काहींचे तोंड आखडत जाते. मग माप घ्यावयाचा साचाच तोंडात शिरत नाही आणि कवळी करणेही दुरापास्त होते. २०१२ साली आपल्या राज्याने गुटख्यावर बंदी घातली, पण मशेरी तर घरातल्या तव्यावरच भाजली जाते. तिला कोण बंदी घालणार? आपणच. तोंडात पांढरा वा लाल चट्टा दिसला, दोन-तीन आठवड्यांत जखम भरली नाही, तोंड कमी उघडू लागले, तर लाज न धरता जाऊन दाखवा.

रुग्णालय शिकवण्याचे असल्यामुळे लॅबमध्ये विद्यार्थी येतात. प्लास्टर कालवण्यापासून दात लावण्यापर्यंत सारे त्यांना हाताने करावे लागते. पुस्तकातले प्राध्यापक शिकवतात, पण मेण किती तापले की वाहते, गोळा कधी भरावयाचा, हे टेबलाशी उभे राहून शिकावे लागते. तेव्हा मुले यांच्याकडे येतात. यांना काका म्हणतात. दरवर्षी नवी मुले येतात, शिकतात आणि डॉक्टर होऊन जातात. त्यांच्या दवाखान्यांवर पाट्या लागतात. कोणाकोणाची पत्रिका येते, पेढे येतात. काका तिथेच असतात.

ह्या कामाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. बावीस वर्षे यांचे कपडे मी धुते. शर्टाच्या बाह्यांतून प्लास्टर निघते. मोरीत जाऊन ते घट्ट बसते, म्हणून कपडे आधी बाहेर झटकावयाचे हा आमच्या घरचा नियम. कपड्यावरचे निघते, पण श्वासात गेलेले निघत नाही. धातू आणि साचे घासताना उडणारी बारीक धूळ वर्षानुवर्षे छातीत साठली तर फुप्फुसे कडक होतात. दातांच्या लॅबमधल्या कामगारांना हा रोग झाल्याचे डॉक्टरांनी नोंदवले आहे. त्या पातळ औषधाने बोटांना चिरा पडतात. दोन वर्षांपूर्वी यांना खोकला लागला आणि तो जाईना. लॅबमधला धूळ ओढून घेणारा पंखा तेव्हा पुष्कळ महिने बंद होता. हे तक्रार करणाऱ्यांतले नव्हेत. मी म्हटले, "जबड्याला नंबर लावता, तसा अर्जालाही आवक नंबर लावून घ्या." तीन अर्ज गेले. छातीचा फोटो सुदैवाने स्वच्छ निघाला, आणि पंखाही सुरू झाला. आता मास्क आणि चष्मा घातल्याशिवाय घासणीच्या यंत्राशी उभे राहावयाचे नाही, असे मी यांच्याकडून वदवून घेतले आहे.

आणि आता शेवटची, आमच्या घरातली गोष्ट. आमची थोरली गेल्या वर्षी विज्ञान घेऊन बारावी झाली. डॉक्टरकीपुरते गुण पडले नाहीत. ती म्हणाली, "मी बाबांचा दोन वर्षांचा अभ्यास करते." नातेवाइकांनी नाके मुरडली. "मुलीने प्लास्टर कालवायचे? उद्या स्थळ विचारील तेव्हा काय सांगाल?" ते मी मनावर घेतले नाही. पण यांनीच नको म्हटले. मला नवल वाटले. रात्री विचारले तेव्हा म्हणाले, "धूळ आहे, वास आहे, ते एक वेळ राहू दे. पण बावीस वर्षांत एकाही पेशंटने माझे नाव विचारलेले नाही. तिला असे काम कशाला?"

मी थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हटले, "तुम्ही बावीस वर्षे माझ्या हातचे जेवता. वरणात मीठ बरोबर पडले त्या दिवशी कोणी काही बोलले का? कमी पडले त्याच दिवशी बोलता. म्हणून मी काय स्वयंपाक सोडला? आणि माझे काम कमी दर्जाचे आहे असे तुम्हाला वाटते का?" हे काही बोलले नाहीत. सकाळी चहा घेता घेता म्हणाले, "अर्जाची शेवटची तारीख काय आहे बघ."

तिने प्रवेश घेतला आहे. आता ह्या धंद्यात संगणकही आला आहे. तोंडाचे चित्र यंत्राने घेतात, पडद्यावर दात रचतात आणि यंत्रच दात कोरून किंवा थरावर थर चढवून देते. संध्याकाळी ती बाबांना पडद्यावरचे दाखवते, आणि हे तिला एखादा दात हातात देऊन म्हणतात, "हा डोळे मिटून ओळख, उजवा की डावा?" यंत्र आले तरी दात कसा असावा हे माणसालाच ठाऊक असावे लागते, असे दोघांचे मत पडले आहे.

कवळी वापरणाऱ्यांसाठी चार गोष्टी सांगून संपवते. कवळी धुताना खाली पाण्याचे भांडे किंवा ओला पंचा ठेवा, म्हणजे हातून निसटली तरी फुटणार नाही. उकळत्या पाण्यात टाकू नका, वाकडी होते. खरखरीत दंतमंजनाने घासू नका. मऊ ब्रश आणि साबणाचे पाणी पुरे. रात्री काढून साध्या पाण्यात ठेवा आणि हिरड्यांना विसावा द्या. टोचली तर घरी कानस लावू नका आणि फुटली तर बाजारातल्या चिकटद्रवाने जोडू नका. काही वर्षांनी हिरडी झिजून कवळी सैल होते, तेव्हा लाज न बाळगता परत घेऊन जा. तिच्या आतून नवा थर देता येतो.

आणि एक विनंती. आपल्या सासूबाईंची, आईची कवळी छान बसली, तर डॉक्टरांचे आभार मानाच. पण निघताना एक निरोप ठेवा. "मागे लॅबमध्ये ज्यांनी ही केली त्यांना सांगा, आमची आई भाकरी खाते." एवढेच पुरे. तो निरोप आत पोहोचतो, आणि पोहोचला की एका घरी त्या रात्री तीच हकिगत दोन वेळा सांगितली जाते, हे मी स्वानुभवाने सांगते.